रोजची एक बाटली

अजिनाथ खामकर श्रीगोंद्याजवळच्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत एकतीस वर्षं केमिस्ट होते, पण एवढ्या वर्षांत त्यांनी दारूचा थेंब घरी आणला नाही. त्याला कारण त्यांची बायको विजयमाला. तिचे वडील श्रीमंतराव देशी पिऊन पिऊन बेचाळिसाव्या वर्षी गेले. तेव्हा ती सोळा वर्षांची होती आणि धाकटा भाऊ आसाराम सहा वर्षांचा. पुढं लग्नाची बोलणी चालली तेव्हा तिनं मामाच्या तोंडून एकच निरोप धाडला होता, की मानपानाचं काय ते थोरांनी बघावं, पण ज्या घरात बाटली येते त्या घरात मी नांदणार नाही.

म्हणून रिटायर झाल्यावर अजिनाथांनी मागच्या रिकाम्या गोठ्यात बिअर करू का असं विचारलं, तेव्हा तिला आधी ती थट्टाच वाटली.

ते विचारत होते आसारामसाठी. आसारामचं चौफुल्यावर वेल्डिंगचं दुकान होतं. उसाच्या ट्रॉल्या आणि टायरगाड्या जोडण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. पण बापाचं दुखणं त्याच्याही अंगात उतरलं होतं. दोन वेळा नगरला व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला. दोन्ही वेळा गोऱ्यामोऱ्या तोंडानं परतला, दोन-तीन महिने बरा राहिला आणि मग एके दिवशी दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं दिसलं. दुसऱ्या खेपेनंतर त्याची बायको सुरेखा भांडली नाही, रडली नाही. शाळेत जाऊन मुलीचा, सृष्टीचा, दाखला काढला आणि तिला घेऊन राहुरीला माहेरी निघून गेली.

अजिनाथांचं म्हणणं असं होतं की एकदम तोडायला गेलं की आसाराम मोडतो. त्यापेक्षा हळूहळू खाली आणू. देशी बंद, तिच्या जागी सौम्य बिअर, तीही आपल्या डोळ्यांदेखत आणि पोटभर जेवणासोबत. त्यांनी श्रीगोंद्याच्या डॉक्टरांनाही गाठून विचारलं. डॉक्टर म्हणाले, पी असं मी सांगणार नाही, पण घरच्या घरी एकदम बंद करणं याच्या जिवावर बेतेल, आणि आत्ता तो जे करतोय त्यापेक्षा हे बरं. विजयमाला तीन दिवस नवऱ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी भाकरी थापता थापता तिनं अटी घातल्या. माझ्या स्वयंपाकघरातलं एक भांडं वापरायचं नाही. कुणाला एक बाटली विकायची नाही. आणि मला त्यातलं काही करायला सांगायचं नाही.

विकायचा प्रश्नच नव्हता. हे असं घरी करणं कायद्यात बसत नाही, हे अजिनाथांना पुरतं ठाऊक होतं आणि त्याची त्यांना मनातून लाजही वाटायची. पण त्यांनी काम मात्र कारखान्यातल्यासारखं चोख मांडलं. जव भिजवायचे, मोड आणायचे, उन्हात वाळवून मंद आचेवर भाजायचे, जाडसर भरडायचे. मग गरम पाण्यात तासभर ठेवून त्याचं गोड पाणी गाळून घ्यायचं, ते हॉप्स नावाच्या कडू पाल्याच्या गोळ्या टाकून उकळायचं, निवलं की यीस्ट घालून स्टीलच्या पिंपात झाकून ठेवायचं. दहा दिवस पिंपात, आठ-दहा दिवस बाटलीत. एका वेळी तीस बाटल्या व्हायच्या. जुन्या बाटल्या संपायच्या आत नव्या तयार असल्याच पाहिजेत, हा त्यांचा दंडक होता. एक दिवस जरी खाडा पडला तरी आसारामचे पाय कुठं वळतील हे त्यांना माहीत होतं.

आसाराम रोज सात वाजता यायचा. सुरुवातीला तीन बाटल्या लागायच्या, सहा महिन्यांनी दोन, आणि दीड वर्षानं तो एकीवर आला. दुकानाचं शटर पुन्हा पूर्ण उघडू लागलं. विजयमाला ताट वाढायची, पण बाटलीकडं बघायची नाही. भाऊ जेवतोय एवढंच बघायची.

फाल्गुनात एका सकाळी अजिनाथ न्हाणीत पडले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. नगरला नेलं. तिथं त्यांची मुलगी दिपाली राहायची, तिनं सगळी धावपळ केली. अँब्युलन्समध्ये बसताना विजयमालाच्या ध्यानात आलं की अजिनाथांच्या सदऱ्यातून काढलेली गोठ्याची किल्ली आपल्या कनवटीला आहे आणि संध्याकाळी आसाराम येणार आहे. तो निरोप मिळताच धावत आला होता, दाजींचे पाय धरून उभा. आत एकवीस बाटल्या होत्या. तिनं क्षणभर विचार केला आणि किल्ली त्याच्या हातात दिली.

"रोजची एक," एवढंच ती म्हणाली.

दवाखान्यात बारा दिवस गेले. त्या बारा दिवसांत तिच्या मनात नवऱ्याच्या खालोखाल ती किल्ली होती. ज्याला दारू जिंकते त्याच्या हातात आपण दारूची कोठी दिली, असं तिला सारखं वाटायचं. दिपालीला कळलं तेव्हा तिनं कपाळाला हात लावला आणि म्हणाली, आता घरी गेलीस की आधी ते सगळं उकिरड्यावर फेकून दे. विजयमालालाही तेच बरोबर वाटत होतं.

घरी आल्यावर अजिनाथांना पलंगावर निजवलं आणि ती तशीच मागं गेली. फळीवर नऊ बाटल्या उभ्या होत्या. खाली, विटांवर टाकलेल्या पाटावर बारा रिकाम्या बाटल्या धुऊन उपड्या घातल्या होत्या. तिनं दोनदा मोजल्या. मग तिथंच जवाच्या पोत्यावर बसून ती बराच वेळ रडली. बारा दिवस तिला रडायला सवड झाली नव्हती.

त्या दिवसापासून फेकून द्यायचा विषय तिच्या डोक्यातून गेला. उलट काळजी लागली ती नऊ बाटल्या संपल्यावर काय करायचं याची. अजिनाथांना विचारावं तर त्यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. त्यांची वही होती, पण ती सगळी इंग्रजीत आणि कारखान्याच्या खुणांनी भरलेली. तरी दोन वर्षं स्वयंपाकघराच्या खिडकीतून न बघितल्यासारखं करून तिनं बरंच बघितलं होतं. भाजलेल्या जवाचा एक डबा तयारच होता. हॉप्सच्या गोळ्या आणि यीस्टच्या पुड्या फ्रिजच्या दारात होत्या. आणि आंबवण्याचं तिला काय नवं होतं? तिच्या कुरडया सगळ्या आळीत नावाजलेल्या. गहू तीन दिवस भिजवून त्याचा चीक कधी काढायचा हे ती नुसत्या वासावरून सांगायची.

आसारामला तिनं सगळं सांगितलं. तो दिवसातून दोनदा येतच होता, कारण दाजींना उचलून खुर्चीत बसवायचं, न्हाणीत न्यायचं तिला एकटीला होण्यासारखं नव्हतं. तिचं ऐकून तो खाली मान घालून म्हणाला की मग मी रोज अर्धीच घेतो, म्हणजे अठरा दिवस जातील. तेवढ्यात होईल का तुझी तयार? ती म्हणाली, होईल.

तिनं पिंप लावलं. सगळं आठवेल तसं केलं. फक्त एक गोष्ट तिनं बदलली. अजिनाथ पिंप पाण्याच्या घमेल्यात ठेवून त्याच्याभोवती ओलं पोतं गुंडाळायचे. तिला कायम वाटायचं की हे कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून झाकतात. आता गोठ्याला कुलूप होतं, झाकायचं कशाला, म्हणून तिनं पोतं काढून धुऊन वाळत टाकलं आणि पिंप कोरड्या फळीवर ठेवलं. चैत्राचं ऊन तापत होतं. गोठ्याच्या पत्र्याखाली दुपारी उभं राहवत नव्हतं. दहाव्या दिवशी झाकण काढलं तर आंबूस वास आला. कुरडयांच्या गव्हालाही असाच वास येतो, म्हणून ती समाधानानं बाटल्या भरत बसली. चाखून बघायचं तिच्या मनातही आलं नाही.

अठरा दिवस संपले. एकोणिसाव्या दिवशी तिनं नवी बाटली फोडली आणि पहिल्यांदाच स्वतःच्या हातानं भावाच्या पेल्यात ओतली. आसाराम एका दमात अर्धा पेला प्यायला, थोडा थांबला, मग उरलेला प्यायला.

"बरी हाय, आक्का," तो म्हणाला. जेवला, दाजींना कुशीवर वळवलं आणि गेला.

तो गेल्यावर पेला विसळताना तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं तळाशी राहिलेल्या दोन थेंबांना बोट लावून ते जिभेवर ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा. जीभ आक्रसली. ते निव्वळ शिरका होतं, भाजीला टाकायच्या लायकीचं. तीसच्या तीस बाटल्या तशाच असणार हे तिला उभ्या जागी कळलं. आणि तेवढं आंबट पिऊन, तोंड वाकडं न करता बरी हाय म्हणणारा भाऊ इथून कुठं गेला असेल, हेही कळलं.

दुसऱ्या दिवशी आसाराम आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. शेजारच्या रंगुबाईला हाताशी घेऊन ती नवऱ्याला उचलू पाहत होती, पण दोघींची मिळून एका गड्याची ताकद होत नव्हती. अजिनाथ तीन दिवस अंथरुणातच राहिले. डोळ्यांनी दाराकडं बघत राहायचे.

चौथ्या दिवशी सकाळी रंगुबाईला नवऱ्याजवळ बसवून विजयमाला चौफुल्यावर गेली. शटर खाली होतं, पण कडी नव्हती. तिनं दोन्ही हातांनी ते वर सारलं. आसाराम आत लोखंडी बाकावर पडला होता. तीन दिवसांची दाढी, अंगावर तोच सदरा, सगळीकडं देशीचा आंबट उग्र वास. या वासानं तिचं बालपण भरलेलं होतं. तिला मागं फिरून घराकडं पळावंसं वाटलं. पण ती बाकाच्या कडेला बसली. तिला बघून त्यानं भिंतीकडं तोंड केलं.

"माझा माल नासला," ती म्हणाली. "माझं चुकलं. पुढचा नीट करते."

"तुझं काय चुकलं त्यात?" तो भिंतीकडं बघतच म्हणाला. "मी बापाचा पोरगा हाय, आक्का. मला सोड तू."

"मी बी त्याचीच हाय," ती म्हणाली. "ऊठ. तुझं दाजी तीन दिवस जागचं हाललं न्हाईत. मला उचलत न्हाईत ते."

रस्त्यावरून एक-दोन टेम्पो गेले. मग तो उठून बसला, गुडघ्यांवर हात ठेवून, आणि ते हात थरथरत होते ते तिला दिसावेत अशा रीतीनं तिच्यापुढं धरून म्हणाला, "ह्या हातांनी उचलू?"

ती म्हणाली की आज नको, उद्या उचल. आज नुसता घरी चल.

तिनं त्याला आपल्याच घरी ठेवून घेतलं. डॉक्टर येऊन गेले, गोळ्या दिल्या, दोन रात्री लक्ष ठेवायला सांगितलं. पहिले दोन-तीन दिवस वाईट गेले. त्याला घामाच्या धारा लागायच्या, खाल्लेलं राहायचं नाही. एका खोलीत नवरा आणि एका खोलीत भाऊ, आणि ती मधल्या उंबऱ्यात. चौथ्या दिवशी तो आपण होऊन उठला, आंघोळ केली आणि दाजींच्या पलंगाशी गेला. त्यांच्या बगलेत हात घालून त्यांना बसतं केलं, त्यांची दाढी केली. दाढी करताना तो रडत होता आणि अजिनाथ डाव्या हातानं त्याची पाठ चोळत होते.

गोळ्यांवर तो दोन-तीन महिने बरा राहील आणि मग पुन्हा शटर ओढेल, हे दोघांनीही दोनदा बघितलं होतं, म्हणून आता पुढचा माल लावायचा होता. आसारामनं स्वतः जव भिजवून मोड आणले, वाळवले, भाजले. पण पिंप लावायच्या आदल्या दिवशी विजयमालाचा धीर सुटला. आपलं नेमकं चुकलं कुठं हेच तिला कळत नव्हतं. दुपारी अजिनाथांना पेज भरवताना तिनं त्यांना सगळं सांगायला सुरुवात केली. कबुली दिल्यासारखं, एकेक पायरी. पाणी किती घेतलं, किती वेळ उकळलं, निवल्यावर यीस्ट घातलं, पिंप फळीवर ठेवलं, दहा दिवस हात लावला नाही.

अजिनाथांचा चेहरा ओढला गेला. ओठ हलू लागले. दीड महिना त्यांच्या तोंडून नुसते आवाज निघत होते, पण आता ते जिवाच्या आकांतानं काहीतरी जुळवत होते.

"ग," ते म्हणाले. "ग... गरम."

चमचा तिच्या हातातून पडला. तिनं त्यांच्या अंगावरची चादर काढली, पंखा वाढवला, ओल्या फडक्यानं कपाळ पुसलं. ते डोकं हलवत राहिले. चिडले. डाव्या हातानं तिचा हात झटकला आणि पुन्हा म्हणाले, गरम, गरम. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला कळेना की आणखी काय करावं. ती खिडकी उघडायला उठली आणि समोर गोठा दिसला. त्याच्या पत्र्यावरून ऊन नुसतं उसळत होतं. दोरीवर ते पोतं अजून तसंच लटकत होतं.

ती हळूच वळली. "ते पोतं," ती म्हणाली. "ते गारव्याला होतं व्हय?"

अजिनाथांनी डोळे मिटले आणि मान उशीवर टाकली. अर्धा चेहरा हसत होता.

त्या दिवशी तिनं आळीतल्या सगळ्यांना सांगितलं की हे बोलले. काय बोलले ते मात्र सांगितलं नाही.

दुसरं पिंप पाण्याच्या घमेल्यात बसलं. दर दोन तासांनी पोत्यावर पाणी मारायचं काम आसारामनं घेतलं. दुकानातून येऊन येऊन तो पाणी मारून जायचा. यावेळी विजयमालानं बाटल्या भरताना चमचाभर चाखलं आणि थुंकून टाकलं. कडू होतं, पण आंबट नव्हतं. आठवड्यानं बाटली फोडली तेव्हा वर फेस आला. आसारामनं एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

"आता झाली," तो म्हणाला. मग थोड्या वेळानं म्हणाला, "मागल्या खेपंला मी खोटं बोललो."

"ठाऊक हाय," ती म्हणाली. "मी चाखली हुती."

तो तिच्याकडं बघतच राहिला. आक्कानं दारूला जीभ लावली, हे त्याला बाकी सगळ्याहून मोठं वाटलं असावं. त्या संध्याकाळी त्यानं अर्धीच बाटली घेतली, आणि उरलेल्या अर्धीवर बूच ठेवून ती फ्रिजमध्ये ठेवून दिली. तो फ्रिज स्वयंपाकघरात होता. विजयमालानं दुधाचं पातेलं सरकवून बाटलीला जागा केली.

वैशाखात सुरेखा नणंदेच्या नवऱ्याला बघायला म्हणून आली. नवऱ्याला भेटायला आले असं तिनं दाखवलं नाही. ती ओसरीवर आली तेव्हा आसाराम दाजींना धरून अंगणात चालवत होता. एक पाऊल अजिनाथांचं, एक त्याचं. सुरेखा खांबाशी उभी राहून बघत राहिली. मग आत जाऊन नणंदेला सरळ विचारलं, "वन्सं, सोडली का यांनी?"

विजयमालाला व्हय म्हणता आलं असतं. पण तिनं सुरेखाला गोठ्यात नेलं, पिंप दाखवलं, फळीवरच्या बाटल्या दाखवल्या. रोज अर्धी ते एक घेतो, म्हणाली. चैत्रात चार दिवस पडला होता, तेही सांगितलं, आणि माझ्या चुकीनं पडला हेही.

सुरेखाचा चेहरा उतरला. "म्हंजी न्हाई सुटली."

"न्हाई सुटली. पन आता ती माझ्या हातात हाय. दुकानदाराच्या न्हाई."

सुरेखा चहा पिऊन दुपारच्या एसटीनं परत गेली. आसाराम तिला स्टँडवर सोडायला गेला. आल्यावर काय बोलणं झालं ते विजयमालानं विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. पण त्या दिवशी तो रोजच्यासारखा सात वाजता जेवायला बसला, एवढं तिनं बघितलं.

जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी चार दिवस सुरेखा आली, ती सृष्टीला आणि दोन बॅगा घेऊनच. इथल्या शाळेत नाव घालायचं ठरवूनच आली होती. आसाराम भांबावून गेला. सृष्टी बाराची झाली होती आणि त्याच्याकडं पाहुण्यासारखी बघत होती. ती आत्याजवळच बसून राहिली. तिसऱ्या दिवशी मात्र वेल्डिंगच्या ठिणग्या बघायला ती आपण होऊन दुकानावर गेली, आणि आसारामनं तिला काळी काच देऊन लांब उभं केलं, हे त्यानं जेवताना चार वेळा सांगितलं.

त्या आठवड्यात नवा माल लावायचा होता. विजयमाला पहाटे उठून जव निवडत बसली होती. गुडघे दुखत होते, अजिनाथ आत काठी आपटत हळूहळू चालायचा सराव करत होते. सुरेखा पदर खोचून गोठ्याच्या दारात येऊन उभी राहिली.

"मला बी दाखवा," ती म्हणाली. "तुमी एकट्या किती दिस करनार?"

विजयमालानं सरकून पाटावर जागा केली आणि सूप तिच्या हातात दिलं. खडे काढायचे, फुटके दाणे बाजूला टाकायचे, फुटक्याला मोड येत नाही, तिनं सांगितलं. सुरेखानं सूप पाखडलं. बाहेर आसाराम दुकानाकडं निघाला होता, त्याची मोटारसायकल चालू व्हायला दोन-तीन किका लागल्या.